सदतीस अंश

१

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी इंडक्शन बोलायचं. बटण दाबलं की टूं, भांडं ठेवलं की आतला पंखा घुर्र, आणि मग दूध वर येईपर्यंत तो एकसुरी आवाज. आतल्या खोलीतून बाबा म्हणायचे, "उठली तुझी मांजर!" मग मी त्यांच्यासाठी चहा, माझ्यासाठी कॉफी करायची आणि कानांवर हेडफोन चढवून कामाला बसायची. डॉक्टर लोक आपले रिपोर्ट बोलून पाठवतात आणि मी ते टाइप करते. दिवसभर परक्या माणसांच्या यकृताबद्दल, फुप्फुसांबद्दल ऐकत बसायचं. घरातलं मात्र काही ऐकू येत नाही.

बाबांना सोबत हवी, म्हणून मी हे घरबसल्या काम घेतलं होतं. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात मशीन चालवलं. आता साखरेनं त्यांच्या हातांच्या नसा खाल्ल्या होत्या. बोटांना गरम-गार कळत नव्हतं. एकदा उकळत्या पातेल्याला हात लावून उभे होते आणि मला विचारत होते, "तापलं का गं?" विसरायलाही लागले होते, पण ते आम्ही घरात मोठ्यानं बोलत नसू. शेगडीपाशी एकट्यानं जायचं नाही, एवढा नियम केला होता. तो नियमही ते विसरायचे.

एका दुपारी मी हेडफोन काढले तर स्वयंपाकघरातून टूं-टूं-टूं असा आवाज येत होता. बाबा पातेलं हातात धरून ओट्यापाशी उभे होते. काळ्या काचेवर लाल अक्षरं लुकलुकत होती, ई-तीन.

"चालूच होत नाही बघ," बाबा म्हणाले.

"तुम्हाला मी काय सांगितलंय?"

"चहाच करत होतो. काय बॉम्ब बनवत नव्हतो."

मी पातेलं घेतलं, डाव्या गोलावर ठेवलं, बटण दाबलं. टूं. घुर्र. शेगडी मुकाट चालू झाली.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "मघाशी का नाही झाली मग?"

"वायर हलली असेल," मी म्हणाले. खरं तर मला हायसंच वाटलं होतं.

२

ई-तीन पुन्हा आला. परत आला. एका बाजूनं एरर आला की ही शहाणी दोन्ही बाजू बंद करून बसते, आणि आमच्या इमारतीत गॅस नाही. शेवटी मी दादाला फोन केला. दादा माझा मोठा भाऊ, घरगुती मशिनं दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. लहानपणी त्यानं सगळ्या घराचे इतके फ्यूज उडवले होते, की बाबा त्याला अजून 'फ्यूज' म्हणतात.

"सेन्सर असणार," तो फोनवरच म्हणाला. "रविवारी येतो. जेवायला काय आहे?"

"शेगडी बंद आहे, दादा."

"हां. मग जेवून येतो."

रविवारी त्यानं ओट्यावरची काच उचलून टेबलावर उपडी घातली. खाली तांब्याच्या तारेची दोन गोल वेटोळी होती. डाव्या वेटोळ्याच्या मधोमध दोन वायरींच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढा एक मणी होता. तोच सेन्सर. काचेला खालून टेकून बसायचं आणि काच किती तापली ते शेगडीला सांगायचं, एवढंच त्याचं काम.

"शेगडी बंद असताना ह्यानं 'तापलो, तापलो' म्हटलं तर तिला वाटतं हा बिघडला. मग ई-तीन," दादा म्हणाला. त्यानं वायरींना मीटर लावलं आणि मणी चिमटीत धरला. मीटरवरचा आकडा भराभरा उतरला आणि एका जागी थांबला. "बघ. ह्याचं उलटं असतं, ताप लागला की आकडा उतरतो. आता ह्याला माझ्या बोटांचा ताप लागतोय. सोडला की आकडा परत वर चढेल."

त्यानं मणी सोडला. मणी वायरीच्या टोकाला लोंबकळत राहिला.

आकडा चढला नाही.

आम्ही दोघंही बघत होतो. दादानं मण्यावर फुंकर मारली. मीटर बंद करून चालू केलं. आकडा होता तिथेच. पंखा बंद, खिडकी बंद, आणि तो मणी हवेत एकटा लटकलेला.

"अजून कोणीतरी धरून ठेवलाय जणू," दादा हसून म्हणाला. मग कात्रीनं त्यानं त्या वायरी कापून टाकल्या. जरा जास्तच घाईनं.

नवा सेन्सर बसला. चाचणीला आम्ही अंडी उकडली. बाबांनी दोन खाल्ली आणि दादाच्या पाठीत धपाटा घालून म्हणाले, "फ्यूज, तुझ्यात अक्कल आहे रे. मला उगाच शंका यायची."

३

चार-दोन दिवसांत ई-तीन परतला.

या वेळी दादानं मला फोनवरून बटणांची एक उलटसुलट जोडी दाबायला लावली. त्यामुळे काचेच्या कोपऱ्यात डाव्या गोलाचं तापमान दिसायला लागलं. चोवीस. खोलीचं होतं तेवढंच.

"लक्ष ठेव. कधी चढतं ते बघ आणि सांग."

मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातच बसले. हेडफोन एका कानावर. चोवीस, चोवीस, चोवीस. नळाचा एक थेंब. फ्रिजची घरघर सुरू झाली, थांबली. बाबा आतून पाय ओढत आले, माझ्याकडे न बघता ओट्यापाशी गेले आणि हात पुढे केला.

चोवीसचे सदतीस झाले. मधे काही नाही, एकदम सदतीस. टूं-टूं-टूं, ई-तीन.

बाबा चुकचुकत परत आत गेले. आकडा काही वेळ सदतीसवर राहिला आणि मग सावकाश उतरला.

मला रिपोर्ट टाइप करायची सवय. सदतीस म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच रकाना येतो. ताप नाही. रुग्ण ठीक.

काहीतरी साधं कारण असणार, असं स्वतःला बजावत मी उठले आणि माझा तळवा त्या गोलावर ठेवला. काच गार होती. बराच वेळ हात दाबून धरला तेव्हा कुठे आकडा रडतखडत एकोणतीसवर आला. काच जाड असते, तिच्यातून माणसाची ऊब खाली पोचायला वेळ लागतो. वरून नुसता हात ठेवून सदतीस होणार नाही, हे माझं मलाच कळलं.

खालून ठेवला तर होईल, असंही कळलं. पण त्या विचाराला मी तिथंच सोडलं, भांडी घासायला घेतली आणि नळ मोठा सोडला.

४

"तू त्याला का नाही सांगत?" बाबांनी जेवताना विचारलं.

"कोणाला?"

"तोच. मी चहा ठेवायला गेलो की हात ठेवून बसतो. काढ म्हटलं तरी काढत नाही." ते चमच्यानं सूप ढवळत होते. आवाजात भीती नव्हती. बसमध्ये शेजारच्यानं जागा अडवली की माणूस कुरकुरतो तेवढीच कुरकुर.

"कुठे हात ठेवतो?"

"खाली." त्यांनी ओट्याकडे मान उडवली. "तू गेलीस की काढतो बरोबर. तुझ्यासमोर साळसूद."

म्हाताऱ्या माणसांना असं होतं, हे मी ऐकलं होतं. भिंतीत माणसं दिसतात, कोणी गेलेलं परत येतं. "आई आहे का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुझी आई?" बाबा हसले. "तिचे हात एवढेसे होते. आणि ती ह्या घरात कधी राहिली गं?"

ते खरं होतं. आई गेल्यावर आम्ही इथं आलो. बाबांना ते आठवत होतं. त्या दिवशी त्यांना सगळंच नीट आठवत होतं, आणि मला त्याचीच भीती वाटली.

५

दादाला मी हे सांगितलं नाही. फक्त म्हटलं, काहीतरी कर, सकाळी दूधसुद्धा तापत नाही.

त्यानं कंपनीचा नवा बोर्ड मागवला होता, तो यायचा होता. तोवरची सोय म्हणून त्यानं सेन्सर काढलाच आणि त्या जागी एक छोटा रेझिस्टर जोडला. म्हणजे शेगडीला कायम वाटणार की काच गारच आहे.

"नीट ऐक," तो स्क्रू आवळत म्हणाला. "आता हिला डोळे नाहीत. भांडं लालबुंद झालं तरी ही चोवीसच दाखवेल आणि चालतच राहील. तू समोर असशील तेव्हाच लावायची. झालं की भिंतीवरचं मेन बटण बंद. बाबांना इथं फिरकू द्यायचं नाही."

"नाही देणार."

"शप्पथ?"

"शप्पथ रे. किती पिडतोस."

शेगडी अगदी गुणी झाली. दूध उतू गेलं तरी चोवीस. भात लागला तरी चोवीस. ई-तीनचं नाव नाही. मी रोज मेन बटण बंद करत होते, आणि हळूहळू तो सदतीसचा आकडा मला माझाच भास वाटायला लागला. एक-दोन रात्री मी शांत झोपलेसुद्धा.

६

ती दुपार साधी होती. एका सर्जननं एवढा लांबलचक रिपोर्ट बोलून पाठवला होता की मी जेवण आटोपून लगेच बसले होते. मेन बटण बंद केलं होतं की नाही, हे मला अजूनही आठवत नाही.

आधी वास आला. तेलाचा, कडवट. मी हेडफोन काढले आणि पंख्याचा आवाज ऐकला. घुर्र नव्हे, ती किंचाळी होती. शेगडी पूर्ण जोरावर चालली होती.

बाबांचे गुडघे दुखत होते. चोळायला म्हणून त्यांनी कढईत तेल तापत ठेवलं होतं. मी दारात पोचले तेव्हा कढईतून निळसर धूर निघत होता. त्यांनी ती नुकतीच उचलून बाजूला ठेवली होती, तेवढं शहाणपण शाबूत होतं. भांडं नाही म्हणून शेगडी टूं-टूं करत होती. आणि तोल सावरायला बाबांनी उजव्या हाताचा तळवा पसरून डाव्या गोलावर टेकवला होता. अंगाचा सगळा भार त्या हातावर. जिथून आत्ताच धुरावलेली कढई उचलली होती, तिथं.

मी ओरडले. काय ओरडले ते ठाऊक नाही.

बाबांनी वळून बघितलं. चेहरा शांत. "ओरडतेस काय? आहे ना तो."

मी धावले, त्यांचं मनगट धरलं. धरताना कोपऱ्यातल्या आकड्यावर नजर गेली. सदतीस.

मी त्यांचा हात उचलला.

त्याच्या खाली काचेत दुसरा हात होता. ती काच काळी आहे, तिच्यातून आतलं काही दिसत नाही. तरी दिसला. लहान मूल खिडकीच्या काचेवर तळवा दाबतं तेव्हा बाहेरून जशी चपटी, फिकी कातडी दिसते, तसा तळवा. खालून वर दाबलेला. बाबांच्या हातापेक्षा मोठा, बोटं नको तितकी लांब. तो थरथरत होता. जड ओझं पेलून धरलेला हात थरथरतो तसा.

मग करंगळी सुटली. तिच्या शेजारचं बोट सुटलं. एकेक करत सगळी सुटली, सगळ्यांत शेवटी अंगठा. आणि मग नुसती काळी काच.

शेगडीतून एक आवाज आला. दादा म्हणेल पंखा थांबताना तसा आवाज येतो. मला तो दात आवळून सोडलेल्या श्वासासारखा वाटला.

वेड्यासारखं मी त्या गोलाच्या कडेला बोट लावून बघितलं. चर्र झालं. टोकावर लगेच फोड आला.

बाबांच्या तळव्यावर काहीही नव्हतं. नुसता कोमट होता. मी तो गालाला लावून तिथंच खाली बसले आणि किती वेळ रडत होते कोण जाणे. बाबा डाव्या हातानं माझे केस थोपटत होते आणि परत परत विचारत होते, "तुला लागलं का गं कुठं?"

७

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बाबांचा हात उजेडात धरून उलटसुलट बघितला. "याला काय झालंय?"

"काही नाही ना?"

"काही नाही. तुमचं बोट दाखवा." त्यांनी माझ्या फोडाला पट्टी केली आणि भाजल्यावर लावायच्या मलमाची एक मोठी ट्यूब हातात ठेवली. वर म्हणाल्या, "बाबांना जपा. नशीबवान आहात."

आम्ही घरी पोचलो तोवर माझा फोन ऐकून दादा कामं सोडून आला होता. भिंतीतली जोडणीच त्यानं तोडून टाकली होती. चेहरा पांढरा पडलेला. "माझी चूक. सेन्सर काढायलाच नको होता," असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. मी त्याला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. हात, बोटं, सगळं. त्यानं मधे एकदाच अडवलं.

"आकडा किती होता म्हणालीस?"

"सदतीस."

"नीट आठव. चोवीस असेल."

"सदतीस, दादा."

"अगं, पण तिथं सेन्सरच नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. "तो आकडा बदलूच शकत नाही."

त्यानं पेचकस काढला. काच उचलली, टेबलावर उपडी घातली आणि खिडकीचा पडदा सारला.

काचेच्या खालच्या बाजूला, डाव्या गोलात, तळहाताएवढा एक तपकिरी डाग होता. कडेनं काळा पडलेला. चिकटलेला.

"धूळ जळलीय," दादा म्हणाला आणि नखानं खरवडायला लागला. एकदाच खरवडलं. नख नाकापाशी नेलं. मग उठला आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

परत आला तो जमिनीवरच बसला. "फेकून देऊ हे. आजच. आणि घर बदलू."

"कशाला?"

"कशाला काय! तुला भीती वाटत नाही?"

वाटत होती. पण त्या भीतीच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं, आणि त्यासाठी मला शब्द सापडत नव्हता. आतल्या खोलीत बाबा रेडिओची कळ फिरवत होते, दोन्ही हातांनी, नीट.

"त्याला भाजलंय, दादा," मी म्हणाले. "बाबांच्या ऐवजी त्याला भाजलंय. आणि आपण त्याला कचऱ्यात टाकायचं?"

दादा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की मला वाटलं, आता हसेल. हसला नाही. मान खाली घातली.

"कोण आहे पण तो?"

"ठाऊक नाही."

"काय हवंय त्याला?"

"तेही नाही ठाऊक. आत्तापर्यंत तर काही मागितलं नाही."

८

बाहेर अजून ऊन होतं. मी पर्समधून मलमाची ट्यूब काढली. आपण काय करतोय हे कळत होतं. तोंडावर कोणी हसलं असतं तरी मी काही बोलू शकले नसते. टेबलापाशी खुर्ची ओढली, बोटावर मलम घेतलं आणि त्या डागाच्या कडेनं लावायला सुरुवात केली. पांढरा पातळ थर.

दादा मागे येऊन उभा राहिला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"जास्त लाव," तो म्हणाला. "एवढ्यानं काय होणार."

मी आणखी घेतलं. काच थंड होती, जोडणी तुटली होती, खाली टेबलाचं लाकूड. पण डागाच्या मधोमध बोट नेलं तशी काच कोमट लागली. जिवंत कोमट. आणि मी जरासा जोर दिला तेव्हा माझ्या बोटाखाली काहीतरी दचकलं. भाजल्या जागी हात लागला की माणूस आखडतो तसं. काच टेबलावर किंचित खडखडली.

दादानं माझा खांदा घट्ट धरला. मला वाटलं तो मला ओढून बाजूला करणार. मीही अर्धवट उठलेच होते.

मग परत बसले.

"चुकलं हं," मी काचेला म्हणाले. "हळू लावते."

मी हळू लावलं. फुंकर घालत घालत, कडेकडेनं आत, अगदी मधल्या काळ्या जागेपर्यंत. खडखड थांबली होती. काचेतला तो कोमटपणा सरकून बोटाच्या जवळ आला आणि तिथंच राहिला.

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. त्यांना टेबल दिसत नव्हतं, आणि आम्ही त्यांना काही सांगितलंही नव्हतं.

"झोंबतंय का रे त्याला?"

मी दादाकडे बघितलं. त्याचे ओठ कोरडे पडले होते. तो पुढे झाला आणि काच हलू नये म्हणून दोन्ही हातांनी तिच्या कडा धरल्या.

"थोडंसं, बाबा," दादा म्हणाला. "सोसतोय तो."